हडप्पा संस्कृतीचे वय मधल्या काळात वाढले कसे?

जुनी_वही

नमस्कार. गेल्या महिन्यात माळा आवरताना वडिलांचे महाविद्यालयातील इतिहासाचे पुस्तक हाती लागले. त्यात हडप्पा संस्कृतीच्या नागरी कालखंडाची मर्यादा इ.स.पू. २३०० ते १७५० अशी दिली आहे. समासात वडिलांच्या अक्षरात 'कार्बन-१४ नुसार निश्चित' असे लिहिलेले असून 'निश्चित' या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. माझी मुलगी सध्या स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि तिच्या पुस्तकात हाच काळ इ.स.पू. २६०० ते १९०० असा आहे.

उत्खननातला कोळसा तोच आणि त्याचे वय मोजण्याचे शास्त्रही तेच असेल, तर प्रारंभ तीनशे वर्षांनी आणि शेवट दीडशे वर्षांनी मागे कसा सरकला? आणि एकदा 'निश्चित' झालेला काळ असा हलत असेल, तर आजच्या आकड्यावर तरी दोन रेघा ओढाव्यात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहिला_बाक

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बदलायची तर प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. हडप्पावासीयांनी ही कागदपत्रे कोणत्या कार्यालयात सादर केली, तेही कोणीतरी सांगावे.

अर्धायुष्य

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रश्नाचा भौतिकशास्त्रीय भाग मांडतो. पुरातत्त्वाचा भाग येथील इतर सदस्य अधिक अधिकाराने सांगतील.

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन निर्माण होतात आणि ते नायट्रोजनच्या अणूंवर आदळून कार्बन-१४ तयार होतो. या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक अणू इतकेच असते. वनस्पती तो कार्बन डायऑक्साइडबरोबर घेतात आणि अन्नावाटे तो प्राण्यांत व आपल्यात येतो. जीव मेला की नवी आवक थांबते आणि असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला साठा मोजायचा आणि मृत्यूला किती काळ लोटला ते काढायचे, ही विलर्ड लिबी यांची १९४०च्या दशकातील मूळ कल्पना. ती त्यांनी इजिप्तमधील जोसेर राजाच्या थडग्यातील लाकडासारख्या, वय आधीच माहीत असलेल्या वस्तूंवर पडताळून पाहिली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गणितात एक गृहीतक दडलेले आहे. जीव जिवंत असताना हवेत कार्बन-१४ चे प्रमाण आजच्याइतकेच होते, असे त्यात धरले जाते. हे गृहीतक ढोबळमानाने खरे असले तरी बारकाईने पाहता खोटे आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असते तेव्हा विश्वकिरण अधिक शिरतात आणि कार्बन-१४ जास्त तयार होतो. सूर्याच्या सक्रियतेनेही त्यात चढउतार होतात. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात हवेतील प्रमाण जास्त होते, म्हणून त्या काळच्या लाकडात आजही अपेक्षेपेक्षा थोडा जास्त कार्बन-१४ शिल्लक सापडतो आणि गणित त्याला प्रत्यक्षाहून तरुण ठरवते.

ही चूक झाडांनी दाखवून दिली. कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाइन जातीची झाडे चार हजारांहून अधिक वर्षे जगतात. जिवंत झाडांच्या वलयांना मेलेल्या झाडांची वलये जोडत मागे गेले की प्रत्येक वलयाचे खरे वर्ष कळते, आणि त्याच वलयाचे कार्बन-वय मोजून दोहोंतील फरकाचा तक्ता बनवता येतो. तुमच्या वडिलांच्या पुस्तकातील आकडा हा तक्ता लावण्यापूर्वीचा आहे आणि मुलीच्या पुस्तकातील आकडा तो लावल्यानंतरचा. आज सर्वत्र वापरला जाणारा तक्ता २०२० साली प्रसिद्ध झाला असून तो ५५,००० वर्षे मागे जातो.

कुलाबा_ते_कालीबंगन

वरील विवेचनाला एक मुंबईकर पुरवणी जोडतो. वडिलांच्या पुस्तकातील तो आकडा मुंबईतच जन्मला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या प्रेरणेने कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभी राहिली होती आणि तेथे डी. पी. अगरवाल, शीला कुसुमगर आदी मंडळी काम करत होती. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मेसोपोटेमियाशी असलेल्या व्यापारी संबंधांच्या आधारे हडप्पा संस्कृतीला इ.स.पू. २५०० ते १५०० असा ऐसपैस हजार वर्षांचा काळ दिला होता. कालीबंगन, लोथल अशा स्थळांच्या नमुन्यांवरून अगरवाल यांनी १९६४ साली 'सायन्स' नियतकालिकात तो काळ इ.स.पू. २३०० ते १७५० इतका आखूड असल्याचे मांडले. त्या काळी ही मोठी झेप होती, कारण भारतीय प्रागितिहासाला स्वतःच्या मातीतून मोजलेला काळ प्रथमच मिळत होता. ही प्रयोगशाळा पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली.

जुन्या अहवालांत नमुन्यांच्या क्रमांकाआधी 'टीएफ' ही अक्षरे दिसतात, ती याच संस्थेची खूण. वडिलांनी ओढलेल्या दोन रेघांमागे कुलाब्यातील काही माणसांची रात्रंदिवस चाललेली मोजणी होती, एवढे येथे नोंदवावेसे वाटले.

रोखठोक

सर्वांच्या विद्वत्तेचा आदर राखून विचारतो. आधी एक आकडा काढायचा, मग तो चुकला असे सांगून 'तक्ता' लावायचा आणि उद्या तक्ता बदलला की आकडाही बदलायचा, याला शास्त्र म्हणावे की सोय? दुरुस्तीची मुभा असेल तर ज्याला जो काळ हवा तो त्याने सिद्ध करावा. व्हीलर यांचा प्रारंभ २५०० होता, तो २३०० झाला आणि आता २६००. आपण निघालो तेथेच येऊन पोहोचलो.

कुलाबा_ते_कालीबंगन

रोखठोक, आपली शंका रास्त आहे, परंतु मापन आणि त्याचे रूपांतर या दोन गोष्टींची त्यात गल्लत होते आहे. प्रयोगशाळा आपला कच्चा आकडा, त्याची त्रुटिमर्यादा आणि नमुन्याचा क्रमांक प्रसिद्ध करते आणि तो आकडा नंतर कोणी बदलत नाही. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीचा एखादा 'टीएफ' आकडा आज घरबसल्या नव्या तक्त्याने पुन्हा तपासता येतो. पहिल्यांदा ठरलेले अर्धायुष्य ५५६८ वर्षे होते आणि नंतर ते ५७३० असल्याचे आढळले, तरी प्रयोगशाळा संकेत म्हणून कच्चा आकडा आजही जुन्याच मूल्याने देतात, कारण जुने-नवे आकडे एका मापात राहणे अधिक महत्त्वाचे आहे.

शके आणि इसवी सन यांचे उदाहरण घ्या. शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला असे म्हटले काय किंवा १६७४ साली झाला असे म्हटले काय, घटना हलत नाही.

तिथीवार

उदाहरण चांगले आहे, पण पूर्ण जुळत नाही. शक आणि इसवी सन यांतील अंतर जवळपास ठरलेले असते, तर कार्बन-वर्षे आणि प्रत्यक्ष वर्षे यांतील अंतर काळागणिक बदलते. माझ्या मते हे तिथी आणि तारखेसारखे आहे. गणेश चतुर्थी कोणत्या तारखेला येणार हे अठ्ठ्याहत्तर मिळवून किंवा वजा करून कळत नाही, त्यासाठी पंचांग उघडावे लागते. 'अर्धायुष्य' यांनी सांगितलेला तक्ता हे कार्बनचे पंचांगच आहे. आणि रोखठोक म्हणतात तसा 'हवा तो काळ' त्यातून निघत नाही, कारण झाडांची वलये मोजणाऱ्याला हडप्पाच्या वयाशी काही देणेघेणे नसते.

शिळावर्तुळ

तिथीवार यांची उपमा मला इतकी आवडली की ती पुढे नेण्याचा मोह आवरत नाही. पंचांगात कधी कधी वृद्धी तिथी येते आणि एकच तिथी दोन सूर्योदयांना असते. त्या वेळी 'दशमीला भेटू' एवढाच निरोप असेल तर माणूस दोन दिवस वाट पाहतो. कार्बनच्या पंचांगात अशी एक भयंकर वृद्धी तिथी आहे. इ.स.पू. सुमारे ८०० ते ४०० या काळात तक्त्यातील रेषा जवळजवळ आडवी होते आणि आठव्या शतकातले लाकूड व पाचव्या शतकातले लाकूड यांचे कार्बन-वय थोड्याफार फरकाने सारखेच येते. युरोपातील लोहयुगीन संस्कृतीच्या नावावरून या भागाला हालस्टॅट पठार म्हणतात.

आम्हा विदर्भवासीयांचे दुर्दैव असे की, आमची महापाषाणयुगीन शिळावर्तुळे नेमकी या पठारावर जाऊन बसली आहेत. माहूरझरी येथे तांब्याचे मुखालंकार घातलेले घोडे पुरलेले सापडले आणि नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. परंतु यांपैकी आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, किंवा लोखंडाचे तंत्र एका पिढीत पसरले की दहा पिढ्यांत, असे प्रश्न सुट्या कार्बन-तारखांना विचारून उपयोग होत नाही. प्रयोगशाळेचे यंत्र कितीही चांगले असले तरी पठार आडवेच राहते. एखाद्या पुस्तकात या काळातील घटनेला दहा-वीस वर्षांच्या नेमकेपणाने कार्बन-तारीख दिलेली दिसली, तर मी आधी त्रुटिमर्यादेचा आकडा शोधतो. तो नसेल तर पान उलटतो.

अर्धायुष्य

पठारावरूनही वाट निघते, फक्त ती एका नमुन्याची नसते. एकाखाली एक असलेल्या थरांतून अनेक नमुने घेतले आणि 'खालचा आधीचा, वरचा नंतरचा' हे ज्ञान संख्याशास्त्रीय पद्धतीने गणितात घातले, तर शक्यतांचे पट्टे बरेच अरुंद होतात. आता हे काम संगणक करतो.

नेमकेपणाच्या दुसऱ्या टोकाचेही एक उदाहरण देतो. इ.स. ७७४-७७५ आणि ९९३ या सुमारास विश्वकिरणांचा एकाएकी मारा होऊन त्या वर्षांच्या वलयांत कार्बन-१४ ची उसळी दिसते. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर वायकिंग लोकांनी धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडात ९९३ ची उसळी सापडली, तेथून सालीपर्यंतची वलये मोजली आणि झाड १०२१ साली तोडले गेले, असे एका वर्षाच्या नेमकेपणाने सांगता आले. पंचांगात अशी खूण मिळाली की वृद्धी तिथीची चिंता उरत नाही.

वाडा_चिरेबंद_नाही

माझा प्रश्न घरगुती आहे. आमचा नाशिकजवळचा वाडा पेशवाईतला असल्याचे चुलते सांगतात, तर आत्या तो इंग्रजी अमदानीतला असल्याचे सांगते. वाटणीच्या वेळी या वादाला भलतीच धार येते. सागवानी तुळईचा तुकडा तपासायला पाठवला तर निकाल लागेल का? देवघरातील तांब्याचा हंडाही त्याच वेळी तपासून घ्यावा, अशी आईची सूचना आहे.

पांढरीचा_वाटसरू

हंडा राहू द्या, तांब्यात कार्बन नसतो. तुळईबाबत तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, इ.स. १६५० ते १९५० या काळात तक्त्यातील रेषा इतकी वरखाली होते की एका नमुन्याला तीन-चार पर्यायी कालखंड मिळतात आणि त्यांत तुमचे चुलते व आत्या दोघेही बरोबर ठरू शकतात. दुसरी अशी की, कार्बन झाडाच्या त्या वलयाचे वय सांगतो, वाड्याचे नव्हे. दोनशे वर्षांच्या सागाच्या गाभ्यातून तुकडा काढलात तर वाडा आपोआप दोनशे वर्षांनी जुना होईल. तिसरी अडचण म्हणजे, जुन्या वाड्याची तुळई नव्या वाड्याला लावण्याची आपल्याकडे रीतच होती. दप्तरात मोडी कागद असतील तर एखादा मोडी वाचणारा गाठा, तो स्वस्तही पडेल आणि नेमकेही सांगेल.

हे सारे मी जरा तळमळीने लिहितो, कारण विद्यार्थिदशेत मी याच चुका हातांनी केल्या आहेत. एका पांढरीच्या टेकाडावर आम्ही उत्खननाला होतो. चुलीच्या थरात कोळशाचा छान तुकडा दिसला म्हणून मी तो बोटांनी उचलला, जपून कापसात गुंडाळला आणि शाईने लिहिलेली चिठ्ठी त्याच पुडीत टाकली. आमच्या बाईंनी ती पुडी उघडली, कापसाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "आपण कोळशाचे वय मोजणार आहोत की कापसाचे?" नमुना स्वच्छ करणीच्या टोकाने उचलावा, ॲल्युमिनिअमच्या पन्नीत ठेवावा आणि चिठ्ठी पन्नीबाहेर लावावी, हे त्या दिवशी जे डोक्यात बसले ते बसलेच.

त्याहून मोठा धडा काळ्या मातीने दिला. उन्हाळ्यात तिला हात-दीड हात खोल भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आम्हाला ताम्रपाषाणयुगीन थरात एक जळका दाणा मिळाला, सर्वांना आनंद झाला, आणि अहवाल आला तेव्हा तो दाणा शे-दोनशे वर्षांच्या आतला निघाला. वरच्या शेतात कधी तरी जाळलेल्या पाचटातला तो दाणा भेगेतून घरंगळत तीन हजार वर्षे खाली गेला होता. यंत्राने अचूक उत्तर दिले होते, परंतु आम्ही प्रश्न चुकीच्या दाण्याला विचारला होता. उंदीर, वाळवी आणि मुळ्या यांचे प्रतापही असेच असतात. म्हणून आता मी आकडा पाहण्याआधी नमुना कशाचा होता ते पाहतो. एकाच हंगामात उगवून जळालेला जव किंवा बोराची आठळी असेल तर विश्वास वाढतो, खांबाचा कोळसा असेल तर कमी होतो.

वाडा_चिरेबंद_नाही

आपले उत्तर आईला वाचून दाखवले. चुलते आणि आत्या दोघेही बरोबर ठरू शकतात, हे वाक्य वाटणीच्या बैठकीत मुळीच उच्चारू नये, अशी तिने ताकीद दिली आहे.

राजापुरी_पंचा

आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती पाहिला की माणूस गप्प होतो. दर सुट्टीला कोणी ना कोणी पाहुणा विचारतो की, सरकार याचे कार्बन डेटिंग का करत नाही?

पांढरीचा_वाटसरू

कारण जांभ्यात कोरलेली रेघ म्हणजे काढून टाकलेला दगड. तेथे मोजायला कधीकाळी जिवंत असलेले काहीच उरलेले नसते. शिल्पाच्या शेजारी त्याच माणसांची वस्ती, चूल किंवा हाड सापडले तर त्याचे वय काढता येईल, पण मग ती माणसे आणि ते शिल्प एकाच काळचे होते हे वेगळे सिद्ध करावे लागेल. सड्यावर मातीचा थरच जेमतेम असल्याने ते अवघड आहे. पुढच्या पाहुण्याला एवढेच सांगावे की, दगडाला कार्बनची परीक्षा लागू नाही.

ढगफुटी

धागा पुरातत्त्वाकडेच झुकला आहे, म्हणून पर्यावरणाची बाजू मांडतो. लोणार सरोवराच्या तळाच्या गाळातून सुमारे १० मीटर लांबीचा स्तंभ काढण्यात आला आणि त्यातून मागील ११,००० वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास वाचला गेला. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाणी आटून क्षार दाटले की तळाशी गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक बनतात. ते ज्या खोलीवर आढळले तो दुष्काळाचा काळ, पण तो काळ नेमका कोणता हे सांगायला गाळात अडकलेल्या लाकडांचे आणि पानांचे कार्बन-वय लागते. पाण्यातल्या शेवाळाचे वय चालत नाही, कारण सरोवराच्या पाण्यात खडकांतून विरघळलेला जुना कार्बन मिसळलेला असू शकतो आणि त्यावर वाढलेले शेवाळ जन्मतःच म्हातारे दिसते. समुद्रातील शिंपल्यांचेही तसेच, ते सर्वसाधारणपणे चारशे वर्षांनी थोर दिसतात.

त्या गाळात दोन दीर्घ कोरडे कालखंड दिसले. पहिला आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा की, पहिल्या कोरड्या काळाचा शेवट आणि मुलीच्या पुस्तकातील इ.स.पू. १९०० हे वर्ष जवळपास एकत्र येतात. वडिलांच्या पुस्तकातील १७५० धरले असते तर पाऊस सावरल्यानंतर शहरे उजाड झाली, असा अर्थ निघाला असता. तारीख दीडशे वर्षांनी सरकली की कारणमीमांसाही सरकते.

लोणारचे विवर स्वतः किती जुने हे मात्र कार्बन सांगू शकत नाही. सुमारे ५०,००० वर्षांनंतर नमुन्यात मूळ कार्बन-१४ चा चारशेवा हिस्साही उरत नाही. विवरासाठी खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची पद्धत वापरली तेव्हा वय ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघाले.

घोडकाठ

ढगफुटी यांचा प्रतिसाद मन लावून वाचला आणि एक जुनी रुखरुख वर आली. मी शिरूर तालुक्यातला. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या शेवटच्या, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १००० ते ७०० दरम्यान, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचे कारण पावसाने दिलेली ओढ हे सांगितले आणि आम्ही शाळेपासून तेच ऐकत आलो. परंतु वर दिलेल्या लोणारच्या दोन्ही कोरड्या कालखंडांत इ.स.पू. १००० ते ७०० हा काळ येतच नाही. मग इनामगाव कशाने विस्कटले?

ढगफुटी

प्रश्न बिनतोड आहे, पण घाईने निकाल देऊ नये. लोणार इनामगावपासून अडीचशे-एक किलोमीटरवर आहे. शिरूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील भाग असून तेथे दोन-तीन वर्षे पाऊस हुकला तरी हलाखी होते. असा छोटा दुष्काळ लोणारच्या गाळात स्फटिक बनवण्याइतका मोठा नसेलही. शिवाय इ.स.पू. ८०० नंतरचा भाग 'शिळावर्तुळ' यांच्या पठारावर येतो, त्यामुळे ७०० हे शेवटचे वर्षही मी पेन्सिलीनेच लिहीन.

घोडकाठ

तालुक्याला पेन्सिलीची सवय आहे. आमची आणेवारीही दर वर्षी खोडूनच लिहितात.

शेगडी

पर्यावरणाचा विषय निघालाच आहे तर सिंहगडाचा उल्लेख राहू नये. दक्षिण आशियावर हिवाळ्यात पसरणारा तपकिरी ढग वाहने आणि कोळसा यांच्यामुळे होतो की लाकूड, गोवऱ्या व पाचट जाळल्यामुळे, असा वाद होता. कोळसा आणि डिझेल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांपासून बनलेले असल्याने त्यांच्या काजळीत कार्बन-१४ मुळीच नसतो, तर लाकडाच्या काजळीत तो भरपूर असतो. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील सहकाऱ्यांसह सिंहगडावर आणि मालदीवमधील हनिमाधू बेटावर हवेतील काजळी गाळून घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत काजळी जैव इंधनाची होती.

पहिला_बाक

सिंहगडावर काजळी गोळा केली आणि ती चुलीची निघाली, यात संशोधन कसले? गडावरच्या पिठलं-भाकरीच्या चुली त्यांनी मोजणीतून वगळल्या होत्या का?

शेगडी

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणूनच दुसरे ठिकाण भर समुद्रातले होते. हनिमाधूला पिठलं-भाकर मिळत नाही आणि चित्र तेथेही तसेच आले. धुरातील कार्बनचे वय माणसांनी वाद घालण्यापेक्षा यंत्राने सांगितलेले बरे.

अर्धायुष्य

त्या 'यंत्रा'बद्दल दोन वाक्ये. ताज्या कार्बनच्या एका मिलिग्रॅममध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा कोटी अणू असतात, पण त्यांतून तासाला जेमतेम एक अणू विघटित होतो. पूर्वी असे विघटनाचे ठोके मोजत बसावे लागे, म्हणून कित्येक ग्रॅम कोळसा आणि कित्येक दिवस लागत. १९७७ नंतर विकसित झालेल्या त्वरक पद्धतीत विघटनाची वाट न पाहता अणूच वेगळे करून मोजतात, त्यामुळे काजळीचा डाग किंवा जवाचा एक दाणाही पुरतो. भारतात दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात ही सोय आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातील हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता. तो आता ओसरला आहे आणि कोळसा-तेलाचा मृत कार्बन हवेत मिसळून प्रमाण आणखी उतरते आहे. उत्सर्जन असेच वाढत राहिले तर २०५० साली विणलेल्या नव्या सुती कापडाचे कार्बन-वय हजार वर्षांपूर्वीच्या कापडाइतके येईल, असे २०१५ मधील एका अभ्यासात दाखवले आहे.

तिथीवार

म्हणजे आमच्या नातीच्या लग्नातला शालू यादवकालीन ठरणार. पैठणीवाल्यांनी आतापासून जाहिरात तयार ठेवायला हरकत नाही.

रोखठोक

मी माझा 'सोय' हा शब्द मागे घेतो. कच्चा आकडा कोणी बदलत नाही आणि तक्ता बनवणाऱ्याचा हडप्पाशी संबंध नसतो, हे दोन मुद्दे मला पटले. परंतु एक तक्रार कायम आहे. हे सारे शास्त्रज्ञांना ठाऊक असताना पाठ्यपुस्तकांत ती त्रुटिमर्यादा का छापली जात नाही? मुलांना 'इ.स.पू. २६००' असा टोकदार आकडा पाठ करायला लावायचा आणि तो बदलला की त्यांनी शास्त्रावर अविश्वास दाखवला म्हणून त्यांनाच दोष द्यायचा, हे योग्य नाही.

शिळावर्तुळ

या तक्रारीवर माझीही सही घ्यावी.

जुनी_वही

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच, शिवाय रोखठोक यांची तक्रार वाचून मी वडिलांचे पुस्तक पुन्हा उघडले. त्यात त्रुटिमर्यादा कोठेच छापलेली नाही. मुलीच्या पुस्तकातही नाही. पन्नासएक वर्षांत आकडा सरकला, पण छापण्याची पद्धत तशीच राहिली.

काल संध्याकाळी हा संपूर्ण धागा वडिलांना वाचून दाखवला. वय ब्याऐंशी असल्यामुळे ऐकू कमी येते, म्हणून काही प्रतिसाद दोनदा वाचावे लागले. काळ्या मातीच्या भेगेतून घरंगळलेल्या दाण्याची हकिगत त्यांनी मुद्दाम तिसऱ्यांदा वाचायला लावली. नंतर मी विचारले की, "तुम्ही 'निश्चित'खाली दोन रेघा का ओढल्या होत्या?" त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "सरांनी सांगितले होते की हा प्रश्न परीक्षेला निश्चित येणार. रेघा त्यासाठी आहेत."

प्रश्न आला होता का, हे विचारायचे राहून गेले. आज विचारतो.